कॅसेटवरच्या बाईंना काय उत्तर द्यावं

आर्खांगेल्स्क
गुरुवार, १८ नोव्हेंबर १९९९, संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटं

ती. ग्रूशाआत्या,

तुझ्या सावेलीचा कमरेत वाकून नमस्कार. पत्र सुरू केलं तेव्हा मी आमच्या सामाईक स्वयंपाकघरात फाइनामावशींच्या खारवलेल्या कोबीच्या पिंपावर दगड ठेवत होतो. दगड एका बाजूला कलतो, म्हणून एका हातानं तो धरून दुसऱ्या हातानं पहिल्या ओळी लिहिल्या आहेत. अक्षर तिरकं आलं असेल, शुद्धलेखन मात्र तपासलेलं आहे. तुझी पाठ कशी आहे? चर्चच्या दारात मेणबत्त्या विकायला उभी राहतेस तेव्हा पायांत लोकरीचे बूट घालतेस ना? खोल्मोगोरीला नदी गोठली का? इथे काठाकाठानं गोठली आहे, मधे काळं पाणी अजून वाहतंय. माझी तब्येत ठीक आहे. झोप लागत नाही आणि जेवण जात नाही, पण तब्येत ठीक आहे, काळजी नसावी.

आता मुद्द्याचं. (मुद्दा जरा लांब आहे. चहा घेऊन बस.) माझ्या भिंतीपलीकडच्या खोलीत राहणाऱ्या कापितोलिना आर्सेन्येव्हना, म्हणजे माझ्या इंग्रजीच्या बाई, फाइनामावशींची कापा, गेल्या महिन्याच्या अठराला हृदयविकारानं वारल्या, हे तुला कळवलं होतं. (‘हृदयविकार’ हा शब्द तेव्हा घाईत चुकीचा लिहिला गेला होता, क्षमस्व.) त्यांचा चाळिसावा दिवस पुढच्या शुक्रवारी येतो. माझी मुलाखत बुधवारी आहे. म्हणजे मुलाखतीच्या दिवशी बाईंचा आत्मा अजून आमच्याच घरात असणार, आणि सगळी अडचण इथेच आहे.

मुलाखत कसली, ते सांगतो. लाकूड वाहून नेणाऱ्या एका परदेशी जहाजावर दुसऱ्या स्वयंपाक्याची जागा आहे. आत्ता मी ओंडके ओढणाऱ्या बोटीच्या भटारखान्यात आहे, तिथला पगार तुला ठाऊक आहे आणि तो वेळेवर मिळत नाही हेही ठाऊक आहे. ही जागा मिळाली तर आईला या हिवाळ्यात मासळीच्या कारखान्यात थंड पाण्यात हात घालून उभं राहावं लागणार नाही. तिची बोटं आता मुठीत वळत नाहीत. स्वयंपाक मला येतो. प्रश्न बोलण्याचा आहे, कारण मुलाखत घेणारा इंग्रज साध्या शब्दांत बोलतच नाही. वसंतात मी पहिल्यांदा गेलो होतो, तेव्हा तो हातातले कागद लावता लावता म्हणाला की बाहेर मांजरं आणि कुत्री पडताहेत. मी उठून खिडकीपाशी गेलो, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नीट पाहिलं, आणि सध्या एकही दिसत नाही असं अदबीनं सांगून खिडकी लावून घेतली. नापास झालो.

बाई तेव्हा हसल्या नाहीत. (बाई कधीच हसत नसत. आनंद झाला की चष्मा पुसत.) त्या म्हणाल्या, “सावेली, तू आठवी करून शाळा सोडलीस, तरी व्याकरण तुझं माझ्या पदवीधरांपेक्षा बरं आहे. पण तू शब्दांवर विश्वास ठेवतोस. लोक शब्द बोलत नाहीत रे, सवयी बोलतात.” मग त्यांनी मला दहा धड्यांवर घेतलं. आपल्याकडे पाऊस बादलीनं ओततो, तर तिकडे माणूस मेला की बादलीला लाथ मारतो. आपण कुणाला फसवलं की त्याच्या कानांवर शेवया टांगतो, ते त्याचा पाय ओढतात. जे कधीच होणार नाही ते आपल्याकडे डोंगरावर खेकड्यानं शिटी वाजवली की होईल, त्यांच्याकडे डुकरं उडाली की. बाईंची पद्धत ठरलेली होती. त्या इंग्रजी वाक्प्रचार म्हणणार, मग गप्प बसणार, त्या शांततेत मी आपला रशियन म्हणायचा, मग त्या बरोबर उत्तर सांगणार. त्यांची शांतता फार लांब असे. तिच्यात माझ्या मानेवर घाम यायचा.

सहा धडे झाले आणि बाईंना दवाखान्यात हलवायचं ठरलं. जायच्या आदल्या आठवड्यात त्या दार लावून एकट्याच बोलत असायच्या, मला भिंतीतून ऐकू यायचं. मला वाटलं, वयामुळे असेल. निघताना त्यांनी मला चार कॅसेट दाखवल्या. म्हणाल्या, “चार धडे राहिलेत. मी कुणाचं काही बाकी ठेवत नाही.” इथवर सगळं सरळ आहे.

आता त्या खोलीबद्दल. फाइनामावशींना तू ओळखतेस, बंदरातल्या क्रेनवर आयुष्य काढलेल्या, समोरच्या खोलीतल्या. त्यांनी सगळं रीतीप्रमाणे केलं. आरशावर चादर टाकली, भिंतीवरचं घड्याळ थांबवलं, खिडकीत व्होडकाचा ग्लास आणि त्यावर काळ्या पावाचा तुकडा ठेवला. (ग्लासातली पातळी रोज बोटभर उतरते. मावशी म्हणतात, हवा कोरडी आहे.) आणि चाळिसाव्यापर्यंत या खोलीतली टाचणीसुद्धा बाहेर जाणार नाही असं बजावून किल्ली गळ्यात अडकवली. मी म्हटलं, मावशी, टेपरेकॉर्डर तेवढा. त्या म्हणाल्या, “मेलेल्या माणसाची वस्तू घराबाहेर काढशील तर ते माणूस मागोमाग येतं. अभ्यास करायचाय ना? मग आत बसून कर. तिला सोबत होईल.”

तिला सोबत होईल. हे वाक्य त्या सहज बोलून कोबी चिरायला गेल्या. मी आत गेलो. आत्या, इथे दुपारी साडेतीनला अंधार पडतो. त्या खोलीत दिवा आहे, पण तो टेबलापुरताच, आणि चादर टाकलेला आरसा कोपऱ्यात उभ्या माणसासारखा दिसतो. माझ्या नेहमीच्या खुर्चीवर बसलो, समोर बाईंची रिकामी खुर्ची. बटण दाबलं. आधी काहीच बोलणं नाही, नुसती टिकटिक. मी मान वर करून पाहिलं, घड्याळ तर थांबलेलं. मग लक्षात आलं की टिकटिक कॅसेटवर आहे, बाई बोलत असताना मागे घड्याळ चालू होतं. जिवंत असलेलं घड्याळ भिंतीवर मेलेलं, आणि मेलेल्या बाई समोर बोलताहेत. मी पहिला धडा उभ्यानं ऐकला.

पहिली कॅसेट तशी बरी गेली. दुसरीत तिसऱ्याच वाक्प्रचाराला मी अडखळलो, आणि बाई कॅसेटवरून म्हणाल्या, “खुर्चीच्या कडेवर बसू नकोस. नीट मागे टेक.” मी कडेवरच बसलो होतो. मागे टेकलो. बाई थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, “हं. आता सांग.” मी स्वतःची समजूत घातली की सहा धडे मी कडेवरच बसत होतो, बाईंना ते ठाऊक होतं, त्यांनी अंदाजानं भरून ठेवलं असणार. समजूत पटली. तरी त्या दिवसापासून मी त्या खोलीत शिरताना दार वाजवतो.

तिसरी कॅसेट मी तुला सांगावी की नाही याचा दोन दिवस विचार केला. इंग्रजांची एक म्हण आहे, खोलीत हत्ती उभा असल्याची. म्हणजे काहीतरी भलं मोठं सगळ्यांच्या समोर असतं आणि प्रत्येक जण ते टाळून हवापाण्याच्या गोष्टी करतो. बाईंनी हे समजावून सांगितलं, उदाहरणं दिली, आणि मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, “आता या खोलीत हत्ती कोणता आहे, तो सांग.” पुढे शांतता. टिकटिक. मी आरशाकडे पाहिलं नाही, खिडकीतल्या ग्लासाकडे पाहिलं नाही, रिकाम्या खुर्चीकडे तर मुळीच पाहिलं नाही. ओठ घट्ट मिटून बसलो. बरीच टिकटिक झाली. मग बाई म्हणाल्या, “बरोबर,” आणि चष्मा पुसल्याचा आवाज आला.

आत्या, चष्मा पुसण्याला आवाज नसतो हे मला कळतं. पण मला तो ऐकू आला.

चौथी कॅसेट काल ऐकली. शेवटचा धडा परीक्षेला निघालेल्या माणसाला दृष्ट लागू नये म्हणून शुभेच्छेऐवजी उलटं काय म्हणायचं याचा. इंग्रज त्याला म्हणतात, पाय मोड. आपण म्हणतो, ना पर मिळो ना पीस मिळो. आणि मग आपल्या रीतीप्रमाणे त्यानं लगेच काय उत्तर द्यायचं असतं ते तुला ठाऊक आहे. तू चर्चमधली, म्हणून मी तो शब्द इथे लिहीत नाही. ‘त्या शिंगवाल्याकडे जा’ असं उत्तर असतं, एवढंच लिहितो. हे उत्तर जो देत नाही त्याचं काम फसतं. वसंतात बाई मला दारात म्हणाल्या होत्या, ना पर ना पीस, आणि मला माझ्या गुरूंना शिंगवाल्याकडे धाडणं बरं वाटेना. मी म्हणालो, “मनापासून आभारी आहे, बाई.” बाईंचा चेहरा पडला. त्याच क्षणी त्यांना निकाल कळला होता. मांजरं-कुत्र्यांचं निमित्त झालं.

तर काल कॅसेटच्या शेवटी बाई म्हणाल्या, “झाला अभ्यास. तुला येतं सगळं. बुधवार असेल नाहीतर शुक्रवार, जाशील तेव्हा ताठ जा. ना पर मिळो, ना पीस मिळो.” आणि थांबल्या. टिकटिक. माझ्या उत्तरासाठी जागा सोडलेली. आता तूच सांग, मी काय करायचं होतं? उत्तर दिलं नाही तर जागा जाणार, आईचे हात थंड पाण्यात. आणि उत्तर द्यावं, तर एक आत्मा, ज्याचे चाळीस दिवस पुरे व्हायचेत, जो अजून वर जायचं की खाली या वाटेवर उभा आहे, त्याला मी स्वतःच्या तोंडानं पत्ता द्यायचा, तोही तिकडचा? जिवंत माणसाला म्हटलं तर ती थट्टा. मेलेल्याला म्हटलं तर ती रवानगी. मी गप्प बसलो.

बाई म्हणाल्या, “ऐकू आलं नाही.”

पुन्हा शांतता, आधीपेक्षा लांब. मग, “सावेली.” एवढंच. मग टेबलावर पेन्सिल आपटायला लागल्या, तशीच, हळू, वर्गात उत्तराची वाट पाहताना आपटत तशी. कॅसेट संपून बटण आपोआप वर आलं तोवर पेन्सिल चालू होती. टोपी तिथेच टाकून मी बाहेर आलो.

स्वयंपाकघरात फाइनामावशींना सगळं सांगितलं. त्यांनी सुरी खाली ठेवली नाही.

“मग म्हणायचं होतंस ना, जा शिंगवाल्याकडे.”

“मावशी, त्या खरंच गेल्या तर?”

“कापा गेली तर मला त्या शिंगवाल्याची कीव येईल. आठवड्यात त्याला क्रियापदं शिकवून ठेवील.”

“ही थट्टा नाही.”

“मी कुठे थट्टा करतेय.” मग त्या बराच वेळ कोबी चिरत राहिल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “ती दवाखान्याच्या गाडीत बसत होती तेव्हा मी तिला म्हटलं, कापा, ना पर ना पीस. काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, धन्यवाद, फाइना. जन्मभर पोरांना ज्यासाठी ओरडली, तेच. डॉक्टर शेजारी उभा होता ना, सुशिक्षित माणूस, त्याच्यासमोर कसं म्हणायचं. धन्यवाद म्हणे.” त्यांनी चिरलेला कोबी पिंपात लोटला. “मी आता आयुष्यात कुणाला म्हणणार नाही, तुलाही नाही. तेव्हा माझ्या तोंडाकडे बघू नकोस, दगड धर.”

म्हणून मी दगड धरून उभा होतो आणि म्हणून हे पत्र. आईला यातलं काही कळवू नकोस, तिला वाटतं मी मजेत आहे. शेजारच्या त्रोफीमकाकांना नमस्कार, शेळीला कुरवाळ. पत्रात कुठे शुद्धलेखनाची चूक आढळली तर अधोरेखित करून परत पाठव.

तुझा आज्ञाधारक,
सावेली

ता. क. — फादर येव्लाम्पींना नाव न सांगता विचारशील का, की चाळिसाव्याच्या आत मृत व्यक्तीला रीत म्हणून तसं काही बोललं तर ते धरलं जातं का? आपल्या ओळखीतल्या एकाची अडचण आहे, असं सांग. ते लगेच विचारतील, सावेली का? तर नाही म्हण. नाहीतर खोटं नको बोलूस, खोकला आल्यासारखं कर.

ता. क. दुसरा — फादर काहीही म्हणोत, खरी विनंती ही आहे. बुधवारी सकाळी सात वाजता पोस्टातून आमच्या बोळातल्या टेलिफोनवर फोन कर आणि तूच मला म्हण, ना पर ना पीस. मग मी तुला धाडतो. मी सगळ्यांचा विचार केला. आईला धाडणं मला जमणार नाही. मावशींनी शपथ घेतली आहे. बोटीवरचे लोक दारू पिऊन असतात, त्यांच्या म्हणण्याला वजन नाही. तू मात्र ठणठणीत आहेस, दोन पोती बटाटे एकटी उचलतेस, रोज चर्चमध्ये उभी असतेस. तुला तिकडे धाडलं तरी तो शिंगवाला तुला दारातूनच परत पाठवील. वाईट वाटून घेऊ नकोस. मी मनात क्षमा मागून मग म्हणेन.

ता. क. तिसरा — शुक्रवार, सकाळ. पाकीट अजून चिकटवलेलं नव्हतं, बरं झालं. टोपी आणायला बाईंच्या खोलीकडे गेलो. दार वाजवणार तर आतून टिकटिक. दार ढकललं. फाइनामावशी माझ्या खुर्चीवर बसल्या होत्या, अंगात बाहेर जायचा कोट, डोक्याला शाल, आणि कॅसेट चालू. मला पाहून त्यांनी नुसतं ओठांवर बोट ठेवलं. चौथा धडा शेवटाकडे आला होता. बाई म्हणाल्या, ना पर मिळो, ना पीस मिळो. शांतता झाली, आणि तिच्यात मावशी हलक्या आवाजात म्हणाल्या, “जा शिंगवाल्याकडे, कापा.” क्रेनवरून अख्ख्या बंदराला ऐकू जाईल अशा ओरडायच्या त्या.

“ऐकू आलं नाही,” बाई म्हणाल्या.

मावशींनी पुन्हा म्हटलं, या वेळी नीट. पण पुढे आलं ते “सावेली.” आणि पेन्सिल सुरू झाली. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, “तुलाच विचारतेय रे पोरा, माझं कधी ऐकलंय तिनं?”

आत्या, मी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मागे हात बांधले आणि स्वच्छ म्हणालो, “जा सैतानाकडे, बाई.” (शब्द आता लिहिला आहे. क्षमस्व. बोलून झाल्यावर न लिहिणं लबाडीचं वाटलं.)

पेन्सिल थांबली.

परवा बुधवारी मी ती कॅसेट शेवटापर्यंत ऐकली होती, पेन्सिल बटण वर येईतो चालू होती, हे मी वर लिहिलंच आहे. आज कॅसेट फिरत राहिली आणि तिच्यावर काही नव्हतं. टिकटिकसुद्धा नव्हती. आम्ही दोघं बटण वर येईपर्यंत तिथेच थांबलो. मावशी म्हणाल्या, सेल गेले असतील. मी म्हटलं, मावशी, तो विजेवर चालतो. म्हणाल्या, मग वायर. मी वायर तपासली. मग त्यांनी खिडकीतला ग्लास उचलून माझ्यादेखत रिकामा केला, पाव चावून खाल्ला, माझी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाल्या, “चल. इथे आता कुणी नाही.” ती कॅसेट मी पुन्हा लावून पाहिलेली नाही. पाहणारही नाही.

दुसरा ताजा कलम रद्द करावा असं वाटलं होतं, पण मावशींशी बोललो. त्यांच्या मते आज जे उत्तर गेलं ते बाईंच्या वाट्याचं होतं, दवाखान्याच्या गाडीपाशी राहून गेलेलं. माझं अजून व्हायचंय. तेव्हा बुधवारी सातला फोन करच. मी ऐन सातला बोळात उभा असेन आणि पहिल्या खेपेलाच उत्तर देईन, आता जमतं. फक्त मी म्हटल्याबरोबर फोन ठेव. तुझी सवय मला ठाऊक आहे, कुणाचंही बोलणं संपलं की तू ‘देव तुझं भलं करो’ म्हणतेस. कृपा करून म्हणू नकोस. सगळं फुकट जाईल.